'बट'च्या पुढे काही नव्हतं

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही — नवऱ्यालाही नाही. तुम्हाला सांगतेय, तर मध्ये टोकू नका.

इंग्रजीत एक एवढुसा शब्द आहे, 'बट'. आपला 'पण'. माझी लेक इंग्रजी घेऊन बीए करतेय. ती सांगते, फार जुन्या काळी या शब्दाचा अर्थ 'बाहेर' असा होता. असेल बाई! मला तो पुस्तकाशिवायच कळला होता.

चाकणला एका कारखान्यात वायरिंगच्या लाइनवर होते मी, आणि माने साहेब आमचे सुपरवायझर. लाइन लीडर निवडायची वेळ आली की मॅनेजरसमोर, सगळ्या पोरींच्या देखत ते म्हणायचे, "सुलभा इज व्हेरी गुड, बट..." आणि थांबायचे. गालातल्या गालात हसायचे. बट काय? कामात खोट? की चालचलणुकीत? पोरी माना खाली घालून खुसुखुसू हसायच्या, मॅनेजर पुढचं नाव घ्यायचा. दर वर्षी हेच! तळपायाची आग मस्तकात जायची माझ्या. मेल्या, वाक्य तरी पुरं कर — पण तोंडातून शब्द फुटेल तर शपथ. मी डूख धरला.

पुढे मी दुसऱ्या कंपनीत गेले, क्वालिटीची इन्चार्ज झाले. मानेंची नोकरी गेली. आणि एके दिवशी तळेगावच्या एका कंपनीतून मला फोन — "मॅडम, मानेंनी आमच्याकडे नोकरीला अर्ज केलाय, चौकशीसाठी तुमचं नाव दिलंय. माणूस कसा आहे?"

खरं सांगू? कामाला चोख होता. लबाडी नाही, व्यसन नाही. एवढंच सांगायचं होतं ना मला? मी म्हणाले, "ही इज व्हेरी गुड, बट..."

आणि थांबले. पलीकडे तो वाट बघतोय, इकडे मी गप्प — काय गोड वाटलं म्हणून सांगू! "समजलं मॅडम," तो म्हणाला. फोन ठेवला आणि मजेत चहा प्यायले. खोटं अक्षर बोलले नाही, असं मनाला बजावत होते. खोटंच होतं ते. माझ्या 'बट'च्या पुढे काहीच नव्हतं.

परवा काळेवाडीच्या मंडईत मानेंच्या बायकोची गाठ पडली. साहेब अजून घरीच आहेत, मुलीचं लग्न लांबलंय. मेथीची जुडी निवडता निवडता म्हणाल्या, "ताई, तुम्ही चांगलंच सांगितलं असणार. हे म्हणतात, मी सुलभाला फार छळलं, तरी खरं बोलेल ती तीच."

वाईट वाटलं? वाटलं. तरी तो चहा आठवला की जीभ अजून गोड होते.

"हो वहिनी, चांगलंच सांगितलं," मी म्हणाले. या वेळी वाक्य पुरं केलं.