शनीला कुकरची रिंग

एक डोळा मिटायचा, उजव्या हाताचा अंगठा नाकासमोर लांब धरायचा, समोरच्या वस्तूकडे जरा वेळ बघायचं आणि म्हणायचं, "तरंगल."

भिंत असो, टेबल असो, मामांचा निकाल या एका शब्दात लागायचा. माझ्या बायकोने केलेल्या ढोकळ्याकडे मात्र त्यांनी अंमळ जास्तच वेळ अंगठा धरला आणि म्हणाले, "ह्यो न्हाय तरंगायचा." बायको दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. जणू अंगठा मी धरला होता.

मामा खाडीकाठच्या मुर्धा गावातले, कोळीवाड्यातले. आयुष्यभर त्यांनी होड्या रंगवल्या. पुढे लाकडी होड्या कमी झाल्या, फायबरच्या आल्या, त्या रंग लावूनच येतात. "हात सुकला, सायेब," असं म्हणून ते बोटं उघडमीट करून दाखवायचे. त्यांची माझी गाठ पडली ती माझ्या एका खुळामुळे.

मुलगी नोकरीसाठी पुण्याला गेली आणि शांती नगरातल्या आमच्या घरात तिची खोली रिकामी झाली. बायकोला तिथे शिलाई मशीन ठेवायचं होतं. मला अवकाशयान हवं होतं. लहानपणी विज्ञानकथा वाचून डोक्यात बसलेलं: भिंतभर पडदा, समोर बटणांचं टेबल, छताला ग्रह, काळोखात चमकणारे तारे. तिथे बसून सिनेमे बघायचे.

"पन्नाशीनंतर माणसं तीर्थयात्रेला जातात," बायको म्हणाली. "हे वर निघाले."

केबिन रोडच्या एका दुकानात लाइटच्या पट्ट्या घेताना दुकानदाराने विचारलं, "साब, लगाएगा कौन? मुर्धा में एक मामा है, बोट रंगता है. उसको बोलो, कुछ भी बना देगा." मी काय काय हवं ते कळवलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मामा दारात हजर. हातात ब्रशांची पिशवी, खांद्यावर जाळ्याला बांधतात तसल्या प्लास्टिकच्या गोळ्यांची माळ.

"हे काय?"

"ग्रह," मामा म्हणाले. "रंगवायचे बाकी हायेत."

त्या गोळ्यांचे ग्रह इतके देखणे झाले की मंगळ हातात घेतल्यावर मला तो खाली ठेववेना. अंड्यांच्या ट्रेला चंदेरी रंग देऊन त्यांनी यानाच्या भिंती केल्या. याच दिवसांत मामा शीळ घालू लागले आणि आमच्याकडे डाळ शिजेनाशी झाली. कुकर नुसता फुसफुसायचा. बायकोने अख्खं स्वयंपाकघर उपसलं. तिसऱ्या दिवशी ती मामांना चहा द्यायला खोलीत गेली आणि तिने वर पाहिलं. आमच्या कुकरची रिंग सोनेरी होऊन शनीभोवती बसली होती.

"मामा!"

"वयनी, डाळ आज न्हाय तर उद्या शिजल. शनी पुन्हा न्हाय जमायचा."

बायको हसली. तिने नवी रिंग आणली, पण चहासोबत बिस्किटं देणं चार दिवस बंद ठेवलं.

एका सकाळी पाहिलं तर भिंतीचा खालचा दोन फूट भाग लालभडक. होडीचा पाण्याखाली जाणारा भाग रंगवतात तसा.

"मामा, अवकाशात पाणी नसतं."

"उतरल तवा कुटं उतरल? आपल्याच खाडीत ना?"

यावर उत्तर तुम्हाला सुचलं तर कळवा. लाल पट्टा राहिला.

एका गोष्टीवर मात्र आमचं रोज वाजायचं. "सायेब, नाव काय लिवू?"

"नाव नको. यानाला नंबर असतो."

"नंबर रिक्षाला. होडीला नाव लागतं. बिननावाच्या होडीला किनाऱ्यावरून हाक कशी मारायची?"

मी नाहीच म्हणालो. नाव घातलं की ते कोळीवाड्यातलं वाटेल, असं माझ्या मनात होतं. मी ते बोललो नाही. पण मामांना कळलं असावं, कारण त्यांनी विचारायचं थांबवलं आणि ते शीळ घालत काम करू लागले. मामा शीळ घालू लागले की काहीतरी गडबड असते, हे मला कुकरवरून कळायला हवं होतं.

काम संपत आलं तेव्हा मामांनी त्यांच्या बायकोसाठी एकच गोष्ट मागितली. "एकदा आमच्या म्हातारीला आनतो. तिला वाटतंय, मी इथं येऊन नुसता चा पितो. यान बनवतो म्हटलं तर गावभर हसत फिरली. तिला खुर्चीत बसवून दिवे लावायचे, बस."

"आणा की. शनिवारी माझ्या ऑफिसचे लोक येऊन जाऊ देत, मग रविवारी आणा."

आता जे लिहितोय ते आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

शनिवारी संध्याकाळी ऑफिसचे आठ-दहा जण आले. नवे साहेबही होते. खोलीत शिरले आणि सगळ्यांचे आ वासले. त्या वेळी मामा स्टुलावर उभे राहून हलणारा शनी पक्का करत होते. साहेबांनी विचारलं, "डिझायनर कोण? अंधेरीचा?"

ऑफिसात पंचवीस वर्षं मी कोपऱ्यातला माणूस. मला कधी कुणी काही विचारलेलं नव्हतं. तोंडातून निघालं, "मीच. कल्पना, डिझाइन, सगळं माझंच. रोज ऑफिसमधून आलो की थोडं थोडं करायचो."

"आणि हे?" साहेबांनी स्टुलाकडे बोट केलं.

मी काही बोलायच्या आत मामाच म्हणाले, "मी व्हय? मी कुकरची रिंग शोधाया आलो हुतो."

सगळे खो खो हसले. बायको हसली नाही. मामा स्टुलावरून उतरले. दारात थांबून त्यांनी एक डोळा मिटला, अंगठा लांब धरला आणि माझ्याकडे पाहिलं. नीट, वेळ घेऊन. मी त्या शब्दाची वाट बघत राहिलो. ते काहीच म्हणाले नाहीत. अंगठा खाली घेतला, ब्रशांची पिशवी उचलली आणि गेले.

रविवारी त्यांचा फोन आला. "सायेब, म्हातारीला आनू?" आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. मी म्हटलं, आज पाहुणे आहेत, पुढच्या रविवारी. पाहुणे नव्हते. पुढच्या रविवारी सांगितलं, लाइट बिघडलेत. त्यानंतरच्या रविवारी मी फोन उचललाच नाही. त्या बाईंनी माझ्यासमोर बसून "हे कुणी केलं?" असं विचारलं असतं तर मी कुठे बघितलं असतं?

मग फोन यायचे थांबले. मला सुटल्यासारखं वाटलं, हेही लिहून टाकतो.

दोन महिन्यांनी मी मुर्ध्याला गेलो. पश्चात्ताप झाला म्हणून गेलो, असं लिहायला आवडलं असतं. गेलो ते शनी पडला म्हणून. बायको म्हणाली, "मामांशिवाय तो कुणाला लागणार नाही. फोन लागत नसेल तर जा स्वतः."

अंगणात एक म्हातारी सुकट निवडत बसली होती. मी मामांचं विचारलं. तिने मान वर न करता सांगितलं, "गेले. तीन आठवडं झालं. रातच्याला निजले, ते उठलेच न्हाय." मग वर पाहिलं. "तुमी कोन? ते चा पाजनारे सायेब?"

मी हो म्हणालो.

मामांनी केलेलं यान दाखवायला तिला तेव्हाच रिक्षाने घरी आणलं. बायकोने दिवे लावले. म्हातारी बराच वेळ दारातच उभी राहिली, मग आत येऊन खुर्चीवर बसली. छताकडे बघितलं, लाल पट्ट्याकडे बघितलं आणि विचारलं, "हे आमच्या ह्यांनी केलं?"

"सगळं त्यांनीच केलं," मी म्हणालो. "मी फक्त बघत होतो. आणि लोकांना मात्र मी केलं म्हणून सांगितलं."

तिने ते ऐकलं की नाही, कळलं नाही. ती वाकून टेबलाखाली बघत होती. "नाव कुटं लिवलंय?"

"नाव नाहीये, आजी. मीच नको म्हटलं होतं."

"तुमी म्हनाल. ते बिननावाची सोडनार न्हाय."

आणि ती लाल पट्ट्यावरून हात फिरवत निघाली. पडद्यामागच्या कोपऱ्यात थांबली. मी मोबाइलचा उजेड पाडला. होडीवर काढतात तशी अक्षरं, मागे पिवळी सावली, शेवटी शेपूट वळवलेला मासा.

"मला वाचता येत न्हाय. काय हाय ते?"

"हिरा," मी वाचलं.

म्हातारीने पदर तोंडाशी नेला. म्हणाली, "माजं नाव हाय ते."

त्या तीन रविवारी ते तिला कशासाठी आणणार होते, ते मला तेव्हा समजलं.

बायकोने चहा आणला. बिस्किटंही आणली. म्हातारीने बशीत ओतून सगळा चहा संपवला आणि बशी खाली ठेवली.

"चा पन चांगला हाय," ती म्हणाली. "म्हंजे चा आनि यान, दोन्ही खरं बोलायचे."

शनी आता मी स्वतः टांगलाय, वाकडा. येणाऱ्या प्रत्येकाला आधी पडद्यामागचा कोपरा दाखवतो आणि हे कुणी केलं ते सांगतो. नव्या साहेबांनाही परत बोलावून सांगितलं. ते गेल्यावर आरशासमोर उभा राहिलो, एक डोळा मिटला आणि अंगठा लांब धरला.

अजून तरी मी काही म्हणालेलो नाही.