अण्णाच्या अर्ध्या बाह्या

अण्णा गेला त्या सकाळी मी सर्जापूर रोडला लेकाच्या घरी डोशाचं पीठ ढवळत होते. बसवनगुडीहून अण्णाच्या शेजारच्या पद्माक्कांचा फोन आला. "अक्का, स्वल्प बसून ऐका..." एवढंच त्या म्हणाल्या आणि मला कळलं. झोपेतच गेला तो. आदल्या रात्री पोटभर जेवला, टीव्हीवरच्या बातम्यांना नेहमीप्रमाणे दोन शिव्या हासडल्या, दिवा मालवला आणि सकाळी उठलाच नाही. याला आता दीड महिना होईल. या दीड महिन्यात भेटायला येणाऱ्यांनी माझं डोकं फिरवलंय. येतात, पाणी पितात, मान हलवतात आणि म्हणतात, "बिचारा!" एकटा राहिला, बिचारा. अंगावर कोड, त्यामुळे लग्न नाही, बिचारा. पहिल्या दोघातिघांना मी सोडून दिलं. मग एका बाईंना सरळच विचारलं, "अहो, बिचारा कोण? तुम्ही भेटला होतात का त्याला कधी?" बाई चहा न घेता निघून गेल्या. गेल्या तर गेल्या! हे सगळं मी त्यांच्यासाठीच लिहितेय असं समजा.

श्रीपाद त्याचं नाव, पण माझ्यासाठी तो अण्णाच. आमचं घराणं बंगळुरात इतक्या पिढ्यांपूर्वी आलं की मूळ गाव कुठलं यावर आमच्याकडे अजून भांडणं होतात. घरात मराठी, दाराबाहेर कन्नड, आणि थोरला भाऊ म्हणजे अण्णा. वडील आम्ही लहान असतानाच गेले. अण्णा शिकला, कारखान्यात टूलरूममध्ये लागला आणि घर चालवू लागला. कॉलेजात असतानाच त्याच्या बोटांच्या टोकांवर पहिला पांढरा डाग उठला होता. मग ओठाशी, मग डाव्या डोळ्याभोवती, मग हात कोपरापर्यंत. आईनं काय करायचं बाकी ठेवलं? बावचीचं तेल लावून उन्हात बसवलं, कडू काढे पाजले, सोमवार धरायला लावले. आणि सगळे शर्ट पूर्ण बाह्यांचे शिवले, एप्रिलच्या उकाड्यातसुद्धा मनगटाशी बटणं लावलेली. अण्णानं हे सगळं बरीच वर्षं निमूटपणे केलं. मग एका रविवारी तेलाची बाटली मोरीत उपडी केली, कपाटातले सगळे शर्ट पिशवीत कोंबले आणि गांधी बाजारातल्या शिंप्याकडे नेऊन त्यांच्या बाह्या कापून आणल्या. कोपराच्या वर, चांगल्या चार बोटं! उरलेल्या तुकड्यांची त्यानं मोटारसायकल पुसायची फडकी केली. आई दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी जेवली, कारण अण्णानंच बिसिबेळेभात केला होता आणि तो तिला आवडायचा.

ती मोटारसायकल त्यानं सेकंडहँड घेतलेली. काळी, धुडासारखी, सुरू करताना सगळ्या गल्लीला उठवणारी. आणि माझं लग्न ठरवायचं चाललं होतं ते याच सुमारास, नव्वदीच्या मधल्या वर्षांत. कंप्युटरवाली मराठी मुलं तेव्हा नुकतीच पुण्याहून बंगळुरात यायला लागली होती. मामांनी त्यातलंच एक स्थळ आणलं. मुलगा इथे नोकरीला, आईवडील पुण्याचे, ते मुद्दाम मला बघायला येणार होते. दिवस ठरला रथसप्तमीचा, संध्याकाळी. त्यापूर्वीची दोन स्थळं अण्णाला बघून परत गेली होती. तोंडावर कोणी बोललं नाही, पण बोलायची गरजही नव्हती. भावाला आहे म्हणजे घराण्यात आहे, उद्या पोरांना होईल... झालं! म्हणून या वेळी मामांनी शक्कल लढवली. पुण्याच्या मंडळींना कळवून टाकलं की मुलीचा भाऊ सतत दौऱ्यावर असतो. टूलरूममधला माणूस दौऱ्यावर! लेथ मशीन काय खांद्यावर घेऊन जातो की काय?

दौऱ्यावर पाठवायला निमित्तही तयार होतं. आमच्याकडे रथसप्तमीला रुईची पानं अंगावर ठेवून अंघोळ करतात. डोक्यावर, खांद्यांवर, गुडघ्यांवर एकेक पान, त्यावर चिमूटभर अक्षता, आणि वरून पाणी. सूर्याचा दिवस, कातडीचे विकार धुऊन जातात अशी समजूत. कोलारच्या पलीकडे डोंगरात एक लहानसं गाव आहे, तिथे बारमाही झऱ्याचं पाणी कुंडात सोडलंय. गावभर मालिशवाले, तेलांची दुकानं, काढ्यांचे फलक, आणि सांधे धरलेली माणसं. गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही, आधीच तिथे गर्दी कमी नाही. तर रथसप्तमीला त्या कुंडात न्हालं की कोड जातं, असं आईला कुणीतरी सांगितलं होतं. आदल्या रात्री तिनं अण्णाला रुईच्या पानांची पुडी दिली आणि म्हणाली, "सावकाश ये हं. घाई करू नकोस. दिवे लागल्यावर आलास तरी चालेल." अण्णानं तिच्याकडे एकदा नीट बघितलं आणि म्हणाला, "सरी." बस्स, कन्नडमधलं 'बरं', एवढंच. मी स्वयंपाकघरात चटणी वाटत होते. आईचा राग येत नव्हता असं नाही, पण तिचंही मला कळत होतं. दोन मुलांपैकी एकाला झाकल्याशिवाय दुसरं खपणार नाही असं तिला सगळ्यांनी पटवलं होतं. मला कळत नव्हतं ते अण्णाचं 'सरी'. बाह्या कापून आणणारा माणूस माझ्यासाठी मुकाट्यानं घराबाहेर जायला तयार झाला होता. मला रात्रभर झोप लागली नाही.

पहाटे त्यानं गाडी बाहेर काढली तेव्हा मी स्वेटर घालून मागे जाऊन बसले. आई दारात धावत आली. "अगं, तू कुठे? तुला केस धुवायचेत, साडीला इस्त्री व्हायचीय!" मी म्हटलं, "केस तिथेच धुते." अण्णा हसला आणि त्यानं गाडीला किक मारली. आईचं पुढचं काही ऐकूच आलं नाही.

जुन्या मद्रास रस्त्यानं जाताना थंडीनं माझे दात वाजत होते. तळ्यांवर धुकं होतं, चिंचेच्या झाडांखाली ट्रकवाले शेकोट्या करून बसले होते. होसकोट्याला आम्ही इडली-वडा घेतला. तिथे अण्णा म्हणाला, "आई रडत असेल." म्हटलं, रडू दे. "मुलगा चांगला आहे म्हणतात." म्हटलं, असेल की, बघेन. पण माझा भाऊ दौऱ्यावर नाहीये, एवढं त्याला आधी कळू दे. अण्णानं दुसरी कॉफी मागवली आणि माझ्या ताटलीतला वडा उचलून खाल्ला.

घाटाची वळणं चढून वर पोचलो तोवर ऊन चांगलं वर आलं होतं. मोठ्या कुंडावर जत्रा भरली होती. पोरं किंचाळत होती, पाण्यावर साबणाचा फेस, पायऱ्यांवर ओले पंचे. दाराशी काठी घेऊन बसलेल्या रखवालदारानं अण्णाच्या हातांकडे बघितलं, मग तोंडाकडे, आणि काठीनंच भिंतीपलीकडे दाखवलं. तसल्या लोकांसाठी म्हणे तिकडे वेगळं कुंड आहे. अण्णाचा चेहरा उतरला. उतरला, खोटं कशाला सांगू? माझ्या तर तळपायाची आग मस्तकात गेली, मी त्या माणसाशी भांडायला तोंड उघडलं. पण अण्णा तोवर भिंतीपलीकडे जाऊन बघूनसुद्धा आला होता. "अगं, चल लवकर," म्हणाला, "इकडे राजेशाही थाट आहे!" आणि खरंच होता. लहानसं दगडी कुंड, तळ दिसावा इतकं स्वच्छ पाणी, वर ऊन, आणि चिटपाखरू नाही. मी सलवार-कमीज घालून होते तशीच पाण्यात उतरले. मी त्याच्या डोक्यावर, खांद्यांवर पानं ठेवली, त्यानं माझ्या. माझ्या डोक्यावरचं पान सारखं घसरून पाण्यात पडत होतं आणि तो दर वेळी गंभीर चेहऱ्यानं ते परत ठेवत होता. मी म्हटलं, "माग आता काहीतरी सूर्याकडे. आईनं सांगितलंय." तो विचार करून म्हणाला, "तूच माग. माझं कुठे काय अडलंय?"

ही माणसाची ऐट! असं वाक्य मी त्यानंतर कुणाच्या तोंडून ऐकलेलं नाही... थोड्या वेळानं मोठ्या कुंडावरची गर्दी भिंतीवरून डोकवायला लागली. एक तुकतुकीत कांतीचे, सोन्याची साखळी घातलेले गृहस्थ पंचा सावरत आले आणि इथे उतरलं तर चालेल का म्हणून विचारू लागले, तिकडे फार घाण आहे म्हणे. अण्णानं त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि अस्खलित कन्नडमध्ये विचारलं, "तुम्हाला कोड आहे?" ते घाईघाईनं नाही म्हणाले. "मग तिकडे," अण्णा म्हणाला, आणि अगदी त्या रखवालदारासारखा हात करून भिंतीपलीकडे दाखवलं. मी इतकी हसले की नाकातोंडात पाणी गेलं.

परतीच्या वाटेवर माझे केस वाऱ्यावर वाळले आणि त्यांचं अक्षरशः घरटं झालं. आता घरी जायचं, अण्णाला समोर बसवायचं, आणि मग काय व्हायचं ते होऊ दे, असं माझं ठरलेलं होतं. पण गांधी बाजाराच्या कोपऱ्यावर त्यानं गाडी थांबवली. "उतर," म्हणाला, "तू जा पुढे. मी एक चक्कर मारून येतो." मला आधी समजेचना. मग समजलं तेव्हा मी उतरलेच नाही. फुलवाल्या बायका बघायला लागल्या, बघू देत! मी म्हटलं, "दिवसभर एवढा तोरा मिरवलास आणि आता शेपूट घालतोस?" तो मान न वळवता म्हणाला, "माझं सोड गं. मला सवय आहे. पण तुझ्या आयुष्याचा प्रश्न आहे, माझ्या हट्टापायी तुझं नुकसान नको." त्याचा आवाज असा मी कधी ऐकला नव्हता. मला रडूच फुटलं, पण मी रडत रडतच सांगितलं, "तुला दौऱ्यावर पाठवणारं घर मला नको. तू येणार नसशील तर मीही इथेच बसते. रात्रभर बसते. घाल तू चकरा."  शेवटी त्यानं गाडी आमच्या गल्लीत वळवली.

पाहुणे येऊन बसले होते. आम्हाला दारात बघून मामांच्या हातातली बशी कलंडली. अण्णानं सगळ्यांना नमस्कार केला, "मी मुलीचा थोरला भाऊ" असं स्वतःच सांगितलं आणि सरळ आत जाऊन आईच्या हातून उप्पीटाचा ट्रे घेतला. आई नको नको म्हणत होती, पण पाहुण्यांसमोर झगडून ट्रे सोडवणार कशी? अर्ध्या बाह्यांच्या शर्टात, ते पांढरे हात पुढे करून, त्यानं एकेकापुढे ट्रे धरला. मुलाच्या आई म्हणाल्या, आज त्यांचा उपास आहे. वडिलांनाही तेवढ्यात आठवलं की त्यांचाही आहे. मुलाचा हात पुढे आला होता हो, पण त्याच्या आईनं बघितलं तसा तो मागे गेला. रथसप्तमीला सगळ्या घराला उपास! अण्णा शांतपणे खुर्चीवर बसला, ट्रे मांडीवर घेतला, एक ताटली मला दिली आणि एक स्वतः घेतली. आम्हाला दोघांना सपाटून भूक लागली होती. पाहुण्यांसमोर बसून आम्ही उप्पीट खाल्लं, आणि अण्णा म्हणाला, "आई, आज झकास झालंय. अजून आहे?"

पत्रिका जुळत नाही असा निरोप आला. आई आमच्या दोघांशी कितीतरी दिवस धड बोलली नाही. मग पुढच्या थंडीत तिनं अण्णासाठी स्वेटर विणला. तो त्यानं उलगडला तर त्याला अर्ध्या बाह्या होत्या. अण्णानं तो स्वेटर विरेपर्यंत वापरला. माझं लग्न पुढे झालं. ज्यांच्याशी झालं ते पहिल्या भेटीत अण्णाला म्हणाले, "गाडी ॲव्हरेज किती देते?" आणि मग मला विसरून दोघं तासभर अंगणात गाडीपाशी उकिडवे बसले. मी तिथेच होकार दिला. अण्णानं लग्न केलं नाही. एक-दोन विचारणा आल्या होत्या, पण त्या उपकार केल्याच्या सुरात होत्या आणि उपकार घेण्यातला तो नव्हता. तो एकटा जेवायचा, एकटा फिरायचा, आणि मला विचाराल तर आमच्या गोतावळ्यात मजेत जगलेला तो एकच माणूस.

तेराव्यासाठी त्याचा फोटो मोठा करायला मी बसवनगुडीतल्याच एका स्टुडिओत दिला होता. आणायला गेले तर काउंटरवरचा मुलगा खुशीत म्हणाला, "स्वल्प टचअप केलंय, मॅडम. चार्ज नाही लावला." चौकटीत एक सावळा, एकसारख्या कातडीचा गृहस्थ माझ्या भावाचा चष्मा लावून बसला होता. माझ्याबरोबर आलेली मामेबहीण म्हणाली, "किती छान दिसतोय गं! राहू दे, भिंतीवरच तर लावायचाय." त्या पोराला बिचाऱ्याला काय माहीत, पण माझा आवाज चढला. जिवंतपणी ज्यानं स्वतःला झाकू दिलं नाही, त्याला मेल्यावर झाकता? सगळं पुसून टाक म्हटलं, आणि होता तसा काढ. काढेपर्यंत मी समोर बसून राहिले.

तोच फोटो या लेखाबरोबर छापायला दिलाय. ओठाशी आणि डाव्या डोळ्याभोवती जे पांढरं दिसतंय, तो छपाईचा दोष नाही. तो माझा अण्णा आहे.