अंगवस्त्राखालचा हात

भावजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी दुसऱ्या दिवशीच्या तारखेसाठी त्यांचे कागद पिशवीत भरत होतो. अक्काचा, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा, आवाज अगदी सपाट होता. "ते उठेनात रे," एवढंच म्हणाली. कुंभकोणममध्ये आमची घरं दोन गल्ल्यांच्या अंतरावर. मी धावत गेलो. डॉक्टर आले, हृदय थांबल्याचं सांगून गेले, माणसं जमली... आणि त्या गर्दीत मला आठवलं, की उद्या कामगार कचेरीत कुणी हजर राहिलं नाही तर भरपाईचा अर्ज काढून टाकतील. वकिलाला फोन केला. तो म्हणाला, "घाबरू नका सार, उद्या अधिकारीच रजेवर आहेत. वायदा पडणार." पुढची तारीख पडली की इकडे तमिळमध्येही वायदाच म्हणतात. भावजींच्या हयातीत पडले तेवढे पुरेसे नव्हते, म्हणून हा आणखी एक.

भावजी, गणपतराव, पितळी समयांच्या कारखान्यात लेथवर काम करत. साच्यातून आलेला खडबडीत दांडा यंत्रावर फिरवायचा, त्याला गळा आणि कडी काढायची, मग फिरत्या चाकावर घासून झिलई द्यायची. मजुरी नगावर, शनिवारी रोख, चिठ्ठीचपाटी काही नाही. आम्हा तंजावूरकडच्या मराठी घरांत कुणाचा ना कुणाचा पूर्वज दरबारात होता, आणि लग्नकार्यात तो निघतोच. भावजी हसत म्हणायचे, "ते घोड्यावर बसले, मी स्टुलावर बसतो. मला शनिवारी पैसे मिळतात. त्यांना मिळत होते का, विचारा की!" मी हिशेबाचं काम करणारा माणूस. कितीदा म्हटलं, निदान मजुरीची पावती मागा. "मुदलाळीकडे पावती मागू?" मुदलाळी म्हणजे मालक. "पावती मागितली तर त्याला वाटेल, माझा विश्वास नाही." विषय संपला.

एका दुपारी झिलईच्या चाकात हातातलं फडकं गुंतलं आणि उजव्या हाताची दोन बोटं गेली. मुदलाळीनंच गाडीतून दवाखान्यात नेलं, बिल भरलं, "बाकीचं बघू" म्हणाला. बघू म्हणजे काय, हे आम्हाला पुढं कळलं.

टाके निघायच्या आधीच आयुधपूजा आली. त्या दिवशी कारखान्यात यंत्रं धुतात, ज्यानं त्यानं आपल्या यंत्राला गंधकुंकू लावायचं, मुदलाळी प्रत्येकाला नवी वेष्टी, म्हणजे धोतर, आणि अंगवस्त्र देतो, चुरमुरे-चणे वाटतात, मग सगळ्यांचा फोटो. अक्का म्हणाली, "या वर्षी राहू दे. दुसरा कुणीतरी लावेल." भावजी ताडकन म्हणाले, "माझ्या यंत्राला दुसरा कुणी? मी मेलो का?" गेले. पूजेच्या ठिकाणी रक्ताळलेलं बँडेज दिसू नये म्हणून नव्या अंगवस्त्राखाली हात झाकून घेतला, डाव्या हातानं कुंकू लावलं, आणि लेथशेजारी उभे राहून फोटोत हसले. मुदलाळीनं त्या वर्षी फोटो छापून सगळ्यांना वाटले. कोपऱ्यात तारीखसुद्धा होती.

बघू-बघू करत महिने गेले, शेवटी मी अर्ज करायला लावला. तेव्हा समोरून लेखी उत्तर आलं, की गणपतराव नावाचा कुणी आमच्याकडे कामाला नव्हताच. बरोबरचे कामगार साक्षीला येईनात. त्यांनाही शनिवार होता, त्यांना बोल लावण्यात अर्थ नव्हता. मग भावजींनीच भिंतीवरचा तो फोटो काढून वकिलाच्या हातात दिला. "हे बघा. मी, माझं यंत्र, आणि मागे मुदलाळी."

अधिकाऱ्यानं फोटो पाहिला, मान डोलावली. मला वाटलं, झालं. तर समोरचा वकील शांतपणे उठला. "घटकाभर मानू, की हे आमचे कामगार. पण अपघात म्हणतात त्यानंतरचा हा फोटो. माणूस यंत्राशेजारी धडधाकट उभा आहे. जखम कुठं आहे?"

भावजींनी उजवा हात वर केला. खोलीतल्या सगळ्यांना तीन बोटं दिसली. अधिकारी म्हणाले, "खाली घ्या. आता आहे ते दिसतंय. तेव्हाचं काय?"

म्हणजे एकच फोटो दोन्ही बाजूंनी लागू. कामगार नव्हता म्हणायचं तर फोटो खोटा, जखम नव्हती म्हणायचं तर फोटो खरा! मी दवाखान्याचे कागद पुढे केले. त्यांत "यंत्रात हात सापडून" असं होतं, पण कुणाच्या यंत्रात ते नव्हतं. मग वैद्यकीय मंडळाकडे पत्र गेलं. ते जुन्या क्रमांकाचं म्हणून परत आलं. नव्या क्रमांकाचं जाईपर्यंत अधिकाऱ्यांची बदली झाली, आणि नवे म्हणाले, पहिल्यापासून ऐकू. प्रत्येक खेपेला मी विचारायचो, नेमका कुठला कागद कमी आहे ते एकदा लिहून द्या. कारकून म्हणायचा, "लिहून द्यायची पद्धत नाही."

व्हरांड्यातल्या बाकावर आम्ही दोघं मराठीत बोलायचो, आजूबाजूला कुणाला कळायचं नाही. समोरचा वकील गेला की भावजी चेहरा गंभीर ठेवून म्हणत, "याला लेथवर लावला तर आतून पोकळ निघेल बघ." मी हसायचो. पण एकदा परतीच्या बसमध्ये, तिरुवलंचुळी गाव मागं गेल्यावर, ते म्हणाले, "बोटं गेली ती गेली रे. पैसे तू म्हणतोस म्हणून. पण मी तिथं नव्हतोच म्हणतात... मग एवढी वर्षं मी रोज सकाळी कुठं जात होतो?"  ते तिथं कामाला होते, एवढं एक वाक्य कचेरीनं लिहून दिलं असतं तरी त्यांनी बाकीचं सोडून दिलं असतं, असं मला आजही वाटतं.

ते गेल्यावर मुदलाळी भेटायला आला. भलामोठा हार, डोळ्यांत पाणी. भरल्या घरासमोर म्हणाला, "आमच्या कारखान्याचा हात गेला. असा कारागीर पुन्हा व्हायचा नाही." मला राहवलं नाही. म्हटलं, "हेच कचेरीत येऊन सांगा."

त्यानं कॉफीचा पेला खाली ठेवला. "ते वेगळं, सार. तिथलं वकील बघतो. दुःखाच्या घरात कोर्ट कशाला?"

"दुःखाच्या घरात खरं बोललात, म्हणून," मी म्हटलं. तो नमस्कार करून उठला.

तेराव्याच्या दुसऱ्याच दिवशी नोटीस आली. गणपतरावांनी उजव्या हाताच्या तपासणीसाठी वैद्यकीय मंडळासमोर जातीनं हजर राहावं, गैरहजेरी चालणार नाही. मी ती घेऊन वकिलाकडे गेलो. आता वारस म्हणून अक्काचं नाव लावावं लागेल, आणि भावजी तिथं कामाला होते याचा आणखी काही पुरावा असला तर बरं, असं तो म्हणाला. आणखी काही! मी चिडूनच अक्काकडे आलो आणि सगळं सांगितलं.

तिनं ऐकून घेतलं. मग मला मागच्या अंगणात नेलं. तिथं धुण्याचा दगड आहे. तिनं त्यावर तांब्याभर पाणी ओतलं आणि म्हणाली, "वाकून बघ." दगडाच्या बारीक खाचांमध्ये पिवळं काहीतरी लुकलुकत होतं. पितळेचा कीस. भावजींचे शर्ट रोज त्या दगडावर घासले जायचे, त्यांतून उतरून वर्षानुवर्षं तो खाचांत बसला होता. नखानं काढून पाहिला, निघेना.

"हा उचलून नेता येतो का रे तिथं?" अक्कानं विचारलं. ती थट्टा करत नव्हती.

मी दगडाभोवती फिरलो. एका बाजूनं तो जमिनीत वीतभर गाडलेला आहे. पहारीनं सुटा करावा लागेल. चौघांनी धरला तर उचलता येईल, आणि लहान टेम्पोत मावेल.