रोस्ट ऐकणारे अंकल

चाखून स्वयंपाक करणारे जगात लाखो असतील, वासावरून करणारेही असतील, पण कानाने स्वयंपाक करणारा माणूस देवाने एकच घडवला आणि त्याला बोईसरला तळमजल्यावर आमच्या भिंतीला भिंत लावून राहायला पाठवलं. सगळी कॉलनी त्यांना अंकल म्हणते. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कापड रंगवायच्या कारखान्यात त्यांनी बत्तीस वर्षं बॉयलर चालवला. मी त्याच कारखान्याच्या प्रयोगशाळेत होतो. बॉयलरच्या पाण्याची बाटली घेऊन ते रोज सकाळी माझ्या टेबलाशी उभे राहायचे आणि घरातलं कुणी आजारी असावं अशा आवाजात विचारायचे, "पाणी कसं हाय?" पाणी बरं आहे असं मी सांगितलं की त्यांचा दिवस सुरू व्हायचा. त्यांना निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, मला दोन. अजूनही ते मला लॅबवाले म्हणतात, आणि आमच्या नळाला गढूळ पाणी आलं तरी त्याचा जाब मलाच विचारतात.

अंकलच्या हातात दीड फुटी स्क्रूड्रायव्हर नसेल तर ते अर्धवट कपडे घातल्यासारखे दिसतात. वाफेच्या पाइपावर टोक टेकवायचं, मूठ कानाच्या हाडाशी धरायची आणि आत वाफ चालली आहे की पाणी तुंबलं आहे ते ओळखायचं, हा बॉयलरवाल्यांचा जुना रिवाज. बाकीच्यांनी तो कारखान्यातच सोडला, अंकल तो घरी घेऊन आले. आमचा फ्रिज, आमचा मिक्सर, समोरच्यांची स्कूटर, काही म्हणून त्यांनी ऐकायचं बाकी ठेवलेलं नाही. एकदा सोसायटीचा पाण्याचा पंप ऐकून बेअरिंग आठ दिवसांत जाईल असं त्यांनी जाहीर केलं. ते नवव्या दिवशी गेलं. लोकांनी तोंडात बोटं घातली, पण अंकल एका दिवसाची चूक कशी झाली म्हणून वर्षभर स्वतःला बोल लावत होते. स्वयंपाकघरातही तेच. झाकण उघडून बघणं म्हणजे त्यांच्या लेखी अडाणीपणा. झाकणाला स्क्रूड्रायव्हर लावून ते भात ऐकतात, डाळ ऐकतात, आणि डाळ अजून पाच मिनिटं घेणार असं सांगून डोळे मिटून उभे राहतात.

प्रेशर कुकर मात्र त्यांच्या घरात नाही. शिट्टी म्हणजे त्यांच्या दृष्टीने सेफ्टी व्हॉल्व्ह उडणं, आणि कारखान्यात व्हॉल्व्ह उडाला की साहेबाला लेखी खुलासा द्यावा लागे. आमच्याकडे चहाला आले आणि आत कुकरची शिट्टी झाली, तर कप खाली ठेवून उभे राहतात. आमच्या सौभाग्यवतींना आधी वाटायचं, निघाले. म्हणून ती शिष्टाचाराने दारापर्यंत जायची. दुसरी गोष्ट चार्ज देण्याची. शिफ्ट संपल्यावर पुढच्या माणसाला सगळं समजावून दिल्याशिवाय बॉयलर सोडायचा नाही, हा नियम त्यांनी चुलीलाही लावलेला. अंघोळीला जायचं असलं तरी आंटींना बोलावून सांगणार, भात अर्धा झालाय, डाळ उतरवलीय, मांजर बाहेर हाय. आंटींनी "घेतला चार्ज" असं तोंडाने म्हणावं लागतं. एकदा त्या माहेरच्या फोनवर बोलत राहिल्या आणि अंकल खांद्यावर टॉवेल टाकून पाऊण तास चुलीशी उभे राहिले.

या माणसाच्या आयुष्यात देवाखालोखाल कुणाचा धाक असेल तर तो वसईला राहणाऱ्या त्यांच्या थोरल्या बहिणीचा. सगळं कुटुंब तिला मोठी बाय म्हणतं. लहानशी, वाळकी, कुजबुजल्यासारखं बोलणारी बाई. पण ती बोलू लागली की बाकीचे गप्प होतात. नाताळच्या दिवशी दुपारी पाच भावंडांचा सगळा गोतावळा तिच्या घरी जेवायचा आणि ताटात मधोमध तिच्या हातचा बीफ रोस्ट असायचा. चाळीस वर्षं त्यात खंड नव्हता. गेल्या वर्षी तिच्या गुडघ्यांनी मान टाकली. ऑक्टोबरात तिने सगळ्यांना कळवलं की आता आपल्याच्याने होत नाही, नाताळ ज्याने त्याने आपापल्या घरी करावा. अंकल दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी आंटींकरवी फोनवर कळवलं, मी करतो, सगळे बोईसरला या. मोठ्या बायने आपली अट सांगितली. ती येईल, खाईल. रोस्ट आईच्या रोस्टसारखा झाला तर पुढेही बोईसरला. नाही झाला तर हे शेवटचं. मग कुणी कुणाला बोलवायचं नाही आणि कुणी रुसायचं नाही.

मी जन्माचा शाकाहारी. अंड्याची टरफलंसुद्धा मी गुलाबाच्या कुंडीतच पाहिली आहेत. तरी नोव्हेंबर-डिसेंबर असे दोन महिने मला रोस्टखेरीज दुसरं काही ऐकायला मिळालं नाही. मांडीचा तीन किलोचा अखंड तुकडा, बिनहाडाचा, रेड्याचा. कारण कायद्यात तेवढंच बसतं आणि बॉयलर इन्स्पेक्टरला आयुष्यभर भ्यालेला माणूस कायद्याबाहेर बोटभर जात नाही. परवान्याच्या दुकानातून आणलेल्या त्या मांसाची पावती ते घरातल्या घरातही खिशात बाळगून होते. शिरका, म्हणजे व्हिनेगर, इथल्याच माहीमच्या माडीचा. लाकूड चिंचणीहून आणलेलं सुरूचं, गॅसवर होणार नाही म्हणून. तेवीस तारखेला आलं, लसूण, मिरी, दालचिनी, लवंग वाटून तो तुकडा शिरक्यात मुरवला आणि सुतळीने असा आवळून बांधला की आंटी म्हणाल्या, पार्सल कुठं पाठवायचंय.

पण मला एक वेगळीच काळजी लागून राहिली होती. दिवाळीच्या सुमारास सोसायटीचा पंप पुन्हा खडखडू लागला. चौथ्या मजल्यावरचे लोक खिडकीत येऊन शिव्या देत होते आणि अंकल दुधाची पिशवी घेऊन पंपाच्या शेजारून शांतपणे निघून गेले. मी तिथेच उभा होतो. नंतर आंटींनीच एकदा भिंतीपाशी हळूच सांगितलं, "त्यांना आता ऐकू येत नाय, जवळून मोठ्यानं बोललं तरच कळतं. मशीन लावा म्हटलं तर म्हणतात, कानात मशीन घातलेल्या माणसाला बॉयलर कोण देणार." निवृत्त होऊन वर्षं लोटलेल्या माणसाला बॉयलर द्यायला कोण टपलं होतं, हे त्यांना विचारायची आमची दोघांची छाती नव्हती. बत्तीस वर्षं त्या बॉयलरच्या घरघरीत उभं राहून त्यांनी कान खर्ची घातले होते, आणि ते कुणाला कळू द्यायचं नव्हतं.

चोवीस तारखेला दुपारी बारा वाजता मागच्या अंगणात विटांची चूल पेटली. नाताळच्या आदल्या दिवशी करायचं कारण असं की रोस्ट गरम कापला तर त्याचा भुगा होतो. रात्रभर निवू द्यावा लागतो. जाड बुडाच्या टोपात चरबीवर तो तुकडा सगळ्या बाजूंनी लाल करून झाला, वाटीभर पाणी पडलं, झाकण बसलं, झाकणावर निखारे आले. मी माझी प्लास्टिकची खुर्ची धुराच्या आणि पापाच्या जरा पलीकडे टाकून बसलो होतो. आमच्या घरी नेमकी चतुर्थी होती. अंकलनी आधीच समजावून ठेवलं होतं की पाणी आटतं, चरबी बोलायला लागते, आणि त्या क्षणी गरम पाण्याचा हबका मारायचा. असं तीनदा. उशीर झाला तर मसाला करपतो आणि कडू चव मांसात उतरते, ती मग कशानेच जात नाही. आईचा रोस्ट म्हणजे एवढंच, तो क्षण चुकवायचा नाही.

अंकलनी टोपाच्या कडेला स्क्रूड्रायव्हर टेकवला, मूठ कानाशी धरली, डोळे मिटले आणि म्हणाले, "अजून पाणी हाय." पाच मिनिटांनी तेच. आणखी पाच मिनिटांनी तेच. आणि मला, सहा हात लांब बसलेल्या माणसाला, आतला आवाज बदललेला कळला. मी रोस्ट कधी ऐकला नव्हता, पण तीस दिवाळ्या कढईपाशी बसून चकल्या तळल्या आहेत. चकलीतलं पाणी संपत आलं की तेलाचा कल्ला उतरतो आणि बारीक, कोरडा चरचराट उरतो. टोपातून तोच येत होता. सांगावं तर आंटींच्या शेजारी दारात नारळ किसत बसलेल्या त्यांच्या सुनेसमोर त्यांचं झाकलेलं उघडं पडणार. न सांगावं तर एका कुटुंबाचा नाताळ टोपाच्या बुडाला चिकटणार. माझ्यासारख्या भिडस्त माणसावर असे प्रसंग देव का आणतो कळत नाही. शेवटी मी उठून जवळ गेलो आणि मोठ्याने म्हणालो, "अंकल, मलाही एकदा ऐकू द्या की. इतकी वर्षं नुसतं बघतोय."

त्यांनी थोड्या नाखुशीनेच स्क्रूड्रायव्हर दिला. मी मूठ कानाशी धरली. आत नुसता चरचराट होता. पाण्याचा लवलेश नव्हता.

"नमुना बदललाय," मी प्रयोगशाळेतल्या आवाजात, पण मोठ्याने म्हणालो. "चकली तळून होत आली की जसं होतं, तसं."

अंकल माझ्याकडे बघत राहिले. फार तर दोन सेकंद असतील, पण त्यांना सगळं समजल्याचं मला त्यांच्या तोंडावर दिसलं: मला कधीपासून ठाऊक होतं, आंटी जमिनीकडे का बघत होत्या, सगळंच. मग त्यांनी एका हाताने लाकडं मागे ओढली, दुसऱ्या हाताने झाकण सारलं आणि पाण्याचा हबका मारला. वाफेचा लोट उठला. खालची बाजू गडद तांबूस झाली होती, करपली नव्हती. अजून अर्धं मिनिट गेलं असतं तर करपली असती. त्यांनी झाकण परत बसवलं, कपाळ पुसलं आणि मला ऐकू येईल इतक्याच आवाजात म्हणाले, "लॅबवाले, चार्ज घ्या."

बत्तीस वर्षांत या माणसाने कान कुणाच्या हवाली केला नव्हता. मी स्क्रूड्रायव्हर सरसावला आणि म्हणालो, "घेतला चार्ज." त्यानंतर अडीच तास मी त्या टोपाशी पाटावर बसून होतो. ऐकायचं मी, ठरवायचं त्यांनी. चकली अर्धी तळली, चकली होत आली, चकली झाली, असे अहवाल मी देत होतो आणि ते लाकूड आत-बाहेर करत होते. अनारशाचा आवाज कधी येईल असं त्यांनी एकदा विचारलं, तेव्हा माझे अनारसे नेहमी फसतात असं सांगून मी त्यांना गप्प केलं. दुसरा हबका वेळेवर पडला. तिसरा अगदी मोजून मारल्यासारखा पडला. त्याच वेळी भिंतीवरून आमच्या सौभाग्यवतींनी डोकावून पाहिलं आणि ऐन चतुर्थीला नवरा रेड्याच्या मांसाला कान लावून डोळे मिटून बसलेला तिला दिसला. चार वाजता मी घरी गेलो तेव्हा दारात बादली भरून ठेवलेली होती आणि अंघोळ केल्याशिवाय आत यायचं नाही एवढंच मला कळवण्यात आलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी अंगणात टेबलं जोडून पंचवीस-तीस माणसं बसली. मोठी बाय काठी टेकत आली आणि टेबलाच्या टोकाला बसली. मी दुसऱ्या टोकाला, समोर नेवऱ्यांची, म्हणजे त्यांच्याकडच्या करंज्यांची, बशी घेऊन. अंकलनी सुतळी कापली, सुरी परजली आणि पहिला काप काढला. पापडाइतका पातळ, अखंड, कडेला काळसर आणि आत तांबूस-तपकिरी. एक कण सुटला नाही. मोठ्या बायने तो काप बोटांत धरून उजेडात बघितला, तोंडात घातला आणि चावत राहिली. मी आयुष्यात इतक्या परीक्षा दिल्या, पण निकालाला असा घाम फुटला नव्हता. तिने घास गिळला आणि आपल्या नेहमीच्या कुजबुजत्या आवाजात म्हणाली, "आईचाच हाय. पुढच्या वर्षी बी इथंच."

अंगणात एकच गलका झाला. पोरांनी ताटं वाजवली, आंटींनी पदर डोळ्यांना लावला, एका पुतण्याने मलाच मिठी मारली. आणि अंकल हातात सुरी धरून एकेकाच्या तोंडाकडे बघत होते. निकाल काय लागला ते त्यांना ऐकू आलं नव्हतं. मला ओरडून सांगायचं होतं, पण मी उठायच्या आत मोठ्या बायच्या ते ध्यानात आलं. गलका हळूहळू शांत झाला.

"कदीपासून ऐकू येत नाय याला?" तिने विचारलं. सगळे अंकलकडे वळले.

सगळ्यांची तोंडं बघून अंकलना काय विचारलं गेलं ते कळलं असावं. त्यांनी सुरी खाली ठेवली. ऐकू न येणारी माणसं बोलतात तशा मोठ्या आवाजात, सबंध गल्लीला जाईल असं ते म्हणाले, "केला मी, बाय. पण ऐकला या लॅबवाल्यांनी. माझे कान गेले."

मोठी बाय उठली. दोघे-तिघे धरायला धावले, त्यांना तिने काठीने दूर केलं. त्या मोडक्या गुडघ्यांवर ती अख्खं टेबल वळसा घालून आली, धाकट्या भावाच्या शेजारची खुर्ची ओढून बसली आणि त्याच्या कानाला तोंड लावून बोलू लागली. रोस्टचं तर सांगितलंच असेल. पण तेवढ्याला इतका वेळ लागत नाही. अंकल डोळे मिटून ऐकत होते, मधूनच मान डोलवत होते, आणि त्यांचं हसू पसरत चाललं होतं. माझ्यापर्यंत त्यातलं एक अक्षर पोचलं नाही. ताटं वाढायची राहिली होती, पण कुणी उठलं नाही.