वरच्या काकांचे सुटे पोपट

आम्हा ज्यूंच्या या देशात मला आणलं विमानानं, पण इथं ठेवून घेतलं ते आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांनी. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं वाचून कुणाला वाटायचं की मी त्यांची टवाळी करते आहे. अख्ख्या बेर्शेब्यात, बेर्शेबाच कशाला, हैफापासून एलातपर्यंत, आपले पोपट रोज संध्याकाळी हवा खायला बाहेर सोडून देणारा आणि ते परत येणारच म्हणून गॅलरीत निवांत चहा पीत बसणारा दुसरा माणूस सापडायचा नाही.

काका माझे सख्खे नव्हेत. आईच्या मावसबहिणीच्या नणंदेचे यजमान असं काहीतरी लागतं. ते नातं नीट लावायला बसलं की मध्येच कुणीतरी रेवदंड्याला वारलेलं निघतं आणि धागा तुटतो. बासष्ट साली मी भावाबरोबर इथं आले तेव्हा एकोणीस वर्षांची. शाळा मराठी पाचवीलाच सुटलेली, आई पेणला, आणि दारावर टकटक झाली तरी मी मोरीत जाऊन लपायची. इथल्या सरकारी बिल्डिंगींना 'शिकून' म्हणतात. ते ऐकून पहिल्या दिवशी मी खरंच घाबरले. म्हटलं, आत शिरायला परीक्षा आहे की काय. काकांना हे कळलं तेव्हा ते म्हणाले, पाचवीत सुटलेली पोर शेवटी शिकून राहिली की नाही, आणि पूर्ण जिना चढेपर्यंत स्वतःच्याच विनोदावर हसत राहिले.

पुढे मला एका शिवणाच्या कारखान्यात काम मिळालं. पहिल्या सकाळी फाटकावरच्या पहारेकऱ्यानं खिडकीतून विचारलं, "मी?" हिब्रूत 'मी' म्हणजे 'कोण'. मला कुठलं ठाऊक? मला वाटलं, तूच का ती, असं विचारतोय. म्हटलं, "मी." त्यानं पुन्हा विचारलं, "मी?" मी जास्तच नम्रपणे म्हटलं, "मी." असं चारपाच वेळा झाल्यावर त्याला वाटलं, ही आपल्याला वेडावते, आणि त्यानं खिडकी लावून घेतली. मी घरी येऊन ट्रंक भरायला घेतली. दुसऱ्या दिवशी काका आपली डूटी बुडवून माझ्याबरोबर फाटकाशी आले. त्यांना स्वतःला हिब्रू शालोमच्या पलीकडे फारसं येत नव्हतं, पण छातीवर हात आपटून, माझ्याकडे बोट दाखवून, त्यांनी त्या माणसाला पटवलं की हिची 'मी' ती तुमची 'अनी'. तो खिडकीवर डोकं टेकून हसला, आणि तेव्हापासून मला रोज बिनचौकशी आत सोडायला लागला. त्या दिवशी काका आले नसते तर मी आज पेणला भात सडत असते.

आता पोपटांचं. ते दोघं काकांनी हैफाच्या बंदरावर एका खलाशाकडून घेतले. खलाशी म्हणाला, हिंदुस्थानातले आहेत. काकांनी खात्री करायला पिंजऱ्यात बोट घालून मराठीत विचारपूस केली. नरानं बोटाला रक्त येईस्तोवर चावा घेतला. कोकणातलाच आहे, काकांनी ठरवून टाकलं. त्याचं नाव ठेवलं मास्तर, कारण तो सारखा बोले आणि कुणाचं ऐकून घेत नसे. मादी अबोल, म्हणून ती नुसती बाय. काका नगरपालिकेच्या रोपांना पाणी घालायच्या कामावर होते, आणि या वाळूत झाडं कुणासाठी वाढवायची हा प्रश्न त्यांनी स्वतःपुरता सोडवला होता. झाडं सरकारची असली तरी बसायला आपली माणसं नकोत का, असं ते म्हणायचे. पिंजऱ्याविषयी त्यांचं मत होतं की तो बसस्टँड आहे: यायचं, दाणा खायचा, पुढच्या गाडीला लागायचं. फक्त शनिवारी, शब्बाथला, पोपटांना घरात सुट्टी असे, कारण त्या दिवशी परतलेल्या पाखरामागे दार लावणं ही शिकार ठरते, असं त्यांना आमच्या देवळात, सिनेगॉगमध्ये, कुणीतरी सांगितलं होतं आणि काका शिकाऱ्यांत बसायला तयार नव्हते.

बाकीचे सहा दिवस मात्र चार वाजले की गॅलरीचं दार उघडायचं. समोरच्या नीलगिरीवर हिरवे ठिपके बसायचे. सूर्य कलला की काका कठड्याशी उभे राहून गोदीतल्या क्रेनवाल्याच्या आवाजात विचारायचे, "कोण येणार घरी?" मुंबईत त्यांनी वीस वर्षं क्रेनच चालवली होती. झाडावरून मास्तर म्हणायचा, "मी! मी!" आणि दोघं सरळ काकांच्या खांद्यावर. आमच्याखाली एक रुमानियन बाई राहायच्या. त्यांच्या दोरीवरचे चिमटे मास्तर पळवायचा. एकदा त्या तावातावानं बाहेर आल्या तर समोर कठड्यावर बसून तो ओरडतोय, "मी! मी!" म्हणजे हिब्रूत कोण, कोण. बाईंनी आपलं नाव सांगितलं, आडनाव सांगितलं, आणि मग आपण कुणाला जबाब देतोय हे लक्षात येऊन दार आपटलं. एकदा मास्तर किर्यात गातच्या बसच्या टपावर जाऊन बसला. काका बसमागे धावले, ड्रायव्हरनं गाडी थांबवली, आणि पाखराचं तिकीट काढायचं की नाही यावर सगळ्या उतारूंनी उतरून वाद घातला. काकांचं म्हणणं एवढंच, की तो बाहेर बसलाय, आत नाही.

त्रेसष्टच्या उन्हाळ्यात काकांचं हर्नियाचं ऑपरेशन निघालं. त्यांची बायको इथं येण्याआधीच गेलेली, मुलगी अरादला, तिचं बाळंतपण जवळ आलेलं. पोपट माझ्याकडे आले. मी हात जोडून विनवलं की तुम्ही येईपर्यंत त्यांना आत ठेवू. काका म्हणाले, मी आत पडून राहणार तेवढं पुरे, त्यांना सोड, आणि हाक मोठ्यांदा मार.

तीन दिवस बेस गेले. चौथ्या संध्याकाळी मी हाक मारायला कठड्याशी गेले तर खालून आमच्या कारखान्याची मुकादमीण दोन मुलींना घेऊन चाललेली. त्या मुली जेवणाच्या सुट्टीत माझ्या मराठीची नक्कल करायच्या. त्यांच्यासमोर मराठीत ओरडायचं कसं? मी बारीक आवाजात, नव्यानं शिकलेल्या हिब्रूत म्हटलं, "मी बा हबायता?" म्हणजे तेच, कोण येणार घरी. मास्तरनं मान वाकडी करून ऐकलं आणि म्हणाला, "मी?" मी म्हटलं, "मी." तो म्हणाला, "मी?" खालच्या मुली हसायला लागल्या. मास्तर उडाला, पाण्याच्या टाकीवरून गेला, आणि दिसेनासा झाला. बाय एकटीच खाली उतरली, माझ्या खांद्यावर नाही, कठड्यावर. मग मी हव्या तेवढ्या मराठीत गळा फाडला. उपयोग झाला नाही.

दुसऱ्या दिवशी मी इस्पितळात गेले. मी सगळं सांगितलं, मुकादमीण, मुली, हिब्रू, काही लपवलं नाही. आमच्या नबीला, एलियाहू हन्नाबीला, मलिद्याचा नवस बोलले आहे तेही सांगितलं. काकांनी आधी विचारलं, बायला दाणा दिलास का. दिला, म्हटलं. मग म्हणाले, "हिब्रूत कशाला गो विचारलंस? तो माझ्यासारखाच. त्याला काय समजतंय?" आणि टाके धरून असे हसले की नर्स धावत आली. मलिद्याचं म्हणाले, तो तुझ्या आईच्या येण्यासाठी ठेव, नबीला पोपटामागे पळवू नकोस.

नर्स गेल्यावर त्यांनी हळूच विचारलं, लाज वाटली ना. मी मान हलवली.

"मलाही वाटायची," काका म्हणाले. "म्हणून तर पोपट घेतले. आपण मराठीत ओरडलो की लोक आपल्याला हसतात. पोपटाला ओरडलो की पोपटाला हसतात."

घरी आल्यावर पहिल्याच संध्याकाळी त्यांनी बायचं दार उघडलं. मी आडवी आले. ते म्हणाले, एक गेला म्हणून दुसरीला कोंडू? तिनं काय केलंय? मास्तरच्या जोडीनं येणारी ती, तिला हाकेची सवय नव्हती. काका अंधार पडेपर्यंत, घसा बसेपर्यंत विचारत राहिले आणि ती शेवटी आली. मास्तर आला नाही. कुणी सांगायचं अश्कलोनला दिसला, कुणी सांगायचं किर्यात गातला. काका प्रत्येकाला चहा पाजायचे आणि पोपट जाडा झालाय का एवढंच विचारायचे. मला त्यांनी त्या गोष्टीबद्दल पुन्हा एक शब्द ऐकवला नाही. ओरडले असते तर माझं ओझं थोडं उतरलं असतं.

आता काका अरादला लेकीकडे असतात. बाय तिथं वाळवंटावर उडते. मागच्या महिन्यात मी गेले होते तर काकांचा आवाज पहिल्यासारखा राहिलेला नाही. रस्त्यापर्यंतही पोचत नाही. नातू हाक मारतो, पण अर्धी हिब्रूत, आणि बाय बराच वेळ घिरट्या घालत राहते. काकांचं मी काय काय देणं लागते ते मला एका जन्मात फिटायचं नाही, पण एवढं ठरवलंय. ज्या दिवशी त्यांचा आवाज अजिबात निघेनासा होईल, त्या दिवसापासून कामावरून सुटले की मी अरादची बस धरीन, आणि खाली कोण चाललंय ते न बघता बायला घरी बोलवीन.