केंद्राला टाळं लागायचं राहिलं

एकोणीसशे त्र्याहत्तर साल. चैत्र लागून आठ दिवस झाले होते. दोन वर्षं धड पाऊस नव्हता आणि नगरच्या वेशीबाहेरच्या आमच्या शेडचा पत्रा सकाळी नऊलाच भाजायला लागायचा.

किस्से साठवायचे म्हणून कोणी साठवत नाही. वेत सोलताना साली पडतात. दिवसातून दोनदा झाडलं तरी संध्याकाळी ढीग असतोच. हे किस्से तसेच. मंडळी म्हणतात, लिहून काढा. मी दुसरीपर्यंत शिकलो. पण खोटं लिहायचं तर शिक्षण लागतं, खऱ्याला दुसरी पुरते.

आमची शेड म्हणजे अपंगांचं काम-केंद्र. खुर्च्या विणायच्या, खडू पाडायचे, झाडू बांधायचे. चौदा माणसं. मी मुकादम. माझा डावा हात कोपरापासून नाही, उसाच्या चरकात गेला. बाकीच्यांतले तिघेच इथे येतील. भिवा, जन्मापासून आंधळा, बाकीच्या आंधळ्यांबरोबर खुर्च्या विणायचा. गंगाराम, बहिरा आणि मुका, खडूच्या साच्यावर असायचा. आणि सुशीला, कुबडीवर चालणारी, आमच्यातली एकटी मॅट्रिक. पत्रं वाचायचं काम तिचं.

चैत्रातलं ते पत्र तिनेच वाचलं. शेडचं भाडं आणि कच्चा माल सरकारी ग्रँटवर चालायचा. ती ग्रँट पावसाळ्याच्या तोंडाशी बंद. तोपर्यंत केंद्र आपल्या कामावर चालू शकतं असं दिसलं तर फेरविचार होईल. नाहीतर शेड रिकामी करावी.

भिवा एवढंच म्हणाला, "धडधाकट मान्सं दुस्काळी कामावर खडी फोडाय चाललीत. आमाला हातोडी कोन देनार?"

सुशीलाने पत्राची घडी घातली.

* * *

गंगारामाला ऐकू येत नाही, पण तोंडं दिसतात. त्याने एकेकाचं तोंड पाहिलं, टोपी सरळ केली आणि निघून गेला.

तासाभराने परत आला. खांद्यावर दोन लांब बांबू, बगलेत सुतळी, हातात नवं मडकं!

कोण गेलं, एवढं विचारायचं राहिलं होतं. ते त्याने आता खुणेने विचारलं.

सुशीलाने कुबडी वर करून भिंती दाखवल्या, पत्रा दाखवला, दार दाखवलं. गंगारामाने शेडभर नजर फिरवली आणि मडकं हळूच खाली ठेवलं.

भिवाला सगळं समजावून सांगावं लागलं. तो म्हणाला, "बांबू परत करू नगा, मुकादम. खराट्याला दांडं व्हतील. आन मडकं पान्याला ठेवा, आपलं कवाचं गळतंय."

तो सबंध उन्हाळा आम्ही त्याच मडक्यातलं पाणी प्यालो. थंड असायचं.

* * *

पंधरा दिवसांनी इन्स्पेक्शनला साहेब आले. बरोबर एक कारकून. साहेबांना शंका होती की ही माणसं खरंच काम करतात, की बाहेरून माल आणून दाखवतात.

"या आंधळ्यांचं काम तपासतं कोण?" त्यांनी मला विचारलं.

"तेच."

साहेब हसले. त्यांना वाटलं मी विनोद केला. मी विनोद करत नाही.

तेवढ्यात वावटळ उठली. धूळ आत यायला लागली म्हणून दार-खिडक्या ओढून घेतल्या. विजेचा दिवा होता, तो वाऱ्याबरोबर गेला. शेडमध्ये मिट्ट काळोख. साहेबांनी खांबाला मिठी मारली. कारकुनाचा पाय खडूच्या ओल्या चिखलात गेला आणि तो तिथेच बसला.

विणकाम मात्र चालू होतं. वेत ओढल्याचा सर्र, सर्र आवाज येत होता. त्यात एकाचं गाणंही चालू होतं.

"अरे, हे काय करतायत अंधारात?" साहेब ओरडले.

"काम," मी म्हणालो.

शेवटी भिवा उठला. साहेबांचा हात धरून म्हणाला, "डावीकडं चार पावलं टाका. आता वाका. हितं घमेलं टांगलंय. आता ताठ व्हा." असं त्यांना दारापर्यंत नेऊन सोडलं. मग परत गेला आणि कारकुनाला आणलं.

साहेबांचा रिपोर्ट आला. सुशीलाने वाचला. त्यात लिहिलं होतं, "केंद्रात उजेडाची सोय अपुरी आहे."

भिवा म्हणाला, "मग लावा की दिवा. फकस्त लावल्यावर मला सांगा. न्हाईतर मला कळायचं न्हाई."

* * *

रिपोर्ट काही असो, त्याच ऑफिसातून एक खुर्ची विणायला आली. बैठक फाटलेली. शिपाई टेकवून गेला, कोणाची ते बोलला नाही.

भिवाने फाटक्या विणीवरून अंगठा फिरवला. फिरवताना हसायला लागला.

"मुकादम, ह्यो मानूस खुर्चीत बसतच न्हाई! टोकावर टेकतोय. मागची वीन कोरी हाय, फुडची घासून गेलीया. ह्याला सारखं कोनतरी हाक मारतंय आन ह्यो उठतोय."

"मग?"

"मग काय? ह्याच्या म्होरं हात जोडून उपेग न्हाई. हाक मारनारा कोन हाय, त्याला गाठा."

शिपाई खुर्ची न्यायला आला तेव्हा विचारलं. खुर्ची इन्स्पेक्शनच्याच साहेबांची! हाक मारणारे मोठे साहेब वरच्या मजल्यावर बसत.

आम्ही वर गेलो. मी आणि सुशीला. जिने चढायला तिला वेळ लागला, पण मी आधार दिला नाही. तिला तो चालत नाही.

मोठे साहेब मागे रेलून बसले होते. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "चार झाडू विकून केंद्र चालत नाही. एक मोठी ऑर्डर मिळवा आणि वेळेत पुरी करून दाखवा. मी ग्रँट थांबू देणार नाही."

खाली आल्यावर सुशीला म्हणाली, "साहेबांची खुर्ची कुरकुरत होती."

मी म्हणालो, "गप."

* * *

मोठी ऑर्डर शोधायची तर आधी लहान ऑर्डरींच्या तक्रारी आल्या. तिसगावच्या शाळेचे एक गुरुजी आमच्या खडूचा डबा घेऊन थेट केंद्रात हजर. त्या महिन्यात पाणी विहिरीच्या तळाचं होतं. खडू दगडासारखे निघाले होते, हे मला माहीत होतं. मी पैसे परत द्यायला पेटीकडे वळलो.

गुरुजी म्हणाले, "थांबा. हा खडू फळ्यावर जरा कमी उमटतो, हे खरं. पण मी पोराला फेकून मारला, भिंतीवर आपटला, खाली पडला, तरी अखंड! आमच्या शाळेत निम्मे खडू फेकण्यातच जायचे हो."

आणखी सहा डबे घेऊन गेले.

* * *

श्रीगोंद्याकडच्या एका साखर फॅक्टरीत गाळप संपलं होतं, दुरुस्तीचे दिवस होते. ऑफिसच्या खुर्च्या विणायच्या आहेत असं कानावर आलं. मी आणि भिवा एसटीने निघालो. नमुना म्हणून एक विणलेली खुर्ची टपावर, आणि वाटेत विकले तर बरे म्हणून दहा झाडू भिवाच्या मांडीवर.

वाटेत एक शेटजी चढले. भिवाकडे पाहिलं, चुकचुकले आणि दहा पैशाचं नाणं त्याच्या हातावर ठेवलं. सगळी गाडी बघत होती. भिवा कोणाचं फुकट घेत नाही, आणि त्याची जीभ मला माहीत होती.

भिवाने नाणं चाचपलं, खिशात टाकलं आणि एक झाडू शेटजींच्या हातात दिला.

"ऐंशी पैशाला हाय. सत्तर ऱ्हायलं."

कंडक्टरसुद्धा हसला. शेटजींनी सत्तर पैसे दिले. आणि मागच्या बाकावरच्या बायकांनी बाकीचे झाडू घेतले, ते आणखी हसत.

फॅक्टरीच्या मॅनेजरने नमुन्याच्या खुर्चीवर बसून पाहिलं. मग उभा राहिला आणि पुन्हा दाणकन बसला. खुर्ची बोलली नाही.

"चाळीस खुर्च्या. पंधरा दिवस. एक दिवस उशीर झाला तर माल घेणार नाही."

मी म्हणालो, "चौदाव्या दिवशी देतो." माझं तोंड असंच आहे.

* * *

अकराव्या दिवशी एकतीस खुर्च्या झाल्या आणि वेत संपला. पुण्याहून पार्सल यायचं होतं, ते आलं नाही. नऊ खुर्च्या नुसत्या चौकटी होऊन ओळीने उभ्या. त्यांच्यातून पलीकडची भिंत दिसत होती.

गावात वेत एकाकडेच होता. उस्मान उस्ताद. बाजारात त्याचं खुर्च्यांचं दुकान. चाळीस वर्षांचा हात, त्याच्यासारखी वीण जिल्ह्यात नव्हती. पण आमचं बोलणं दोन वर्षं बंद. तो भर बाजारात म्हणाला होता, "आंधळ्याच्या विणीवर बसायचं तर खाली उशी ठेवा!" लोक हसले. मी म्हणालो होतो, "उस्ताद, तुझ्या विणीवर बसायचं तर वर देव ठेवावा लागतो!" लोक तेव्हाही हसले.

मी दुकानासमोरून दोनदा पुढे गेलो. तिसऱ्यांदा थांबलो.

"तीन जुड्या वेत पाहिजे. उसना."

उस्तादाने मान वर केली नाही. "कोण? मुकादम का? आवाजावरून वाटलंच."

मी समोर उभा होतो. मला तो टोमणा वाटला. मी तो गिळला.

"पार्सल आलं की वेताला वेत देईन. नाहीतर पैसे घे."

"पैसे नकोत. वेतही नको. मी मागेन तेव्हा, मागेन ते द्यायचं."

"काय मागशील?"

"ते अजून ठरलं नाही."

"कागद करू. मी सही करतो."

"तुझी सही वाचणार कोण? ने जुड्या. आणि उशीचं बोललो होतो ते मी मागे घेत नाही, समजलास?"

"देवाचं मीही मागे घेत नाही."

नऊ खुर्च्या तीन दिवसांत झाल्या. चौदाव्या दिवशी चाळीसही फॅक्टरीत उतरवल्या. ज्येष्ठाच्या अखेरीला मोठ्या साहेबांचं पत्र आलं. ग्रँट चालू. वाचायच्या आधी सुशीलाने गंगारामाकडे बघून तोंडभर हसून दाखवलं, कारण तो टोपी शोधायला लागला होता.

श्रावणात एका दुपारी उस्ताद केंद्रावर आला. खांद्यावर एक अर्धवट विणलेली खुर्ची. दारात थांबला. हाताने चौकट धरली, पायाने उंबरा शोधला, मग आत आला.

"मुकादम, उसनं मागायला आलोय."

"बोल."

माझ्याशी बोलायचं सोडून त्याने खुर्ची भिवाच्या पुढ्यात ठेवली. भिवाने विणीवरून अंगठा फिरवला. मध्येच थांबला. मागे आला. पुन्हा तिथेच थांबला.

"उस्ताद, हितं दोन भोकं सुटलीत."

"माहीत आहे."

"कवापासनं?"

"संक्रांतीपासून."

"दुकानात कुनाला ठावं हाय?"

"नाही. तुलाच आता."

सगळ्यांचे हात थांबले होते. मी त्यांच्याकडे पाहिलं, तसे ते पुन्हा चालू झाले.

भिवा सतरंजीवर वीतभर सरकला. उस्तादाला हाताला धरून शेजारी बसवलं. त्याचा अंगठा घेऊन विणीवर ठेवला.

"आता डोळं मिटा, उस्ताद. अर्धं-मुर्धं बघन्यानंच घोटाळा व्हतो."

"चाळीस वर्षं विणतोय मी. मला शिकवतोस?"

"व्हय. मिटा."

उस्तादाने डोळे मिटले. दिवाळीपर्यंत तो रोज दुपारी येत होता. तीन जुड्या फिटल्या.