धनादेशासोबत आलेली पावती

फलटणला माझ्या समोर राहणारे हे गृहस्थ साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर होते. भाजी घेतानाही ते आधी रिकामे पारडे निरखतात. कारखान्याने कामावरून काढल्यावर ते कामगार न्यायालयात जिंकले. नोकरी आणि मागचा पगार द्यावा, असा निकाल लागला. कारखान्याने अपील केले. ते चालू असतानाच कारखान्याचा कारकून पगाराचा धनादेश घेऊन त्यांच्या घरी आला. त्यांनी मला हाक मारली.

"आवं, अपील असूनबी सायेब पैसं देत्यात. लय मोठं मन!" कारकून म्हणाला.

"मन मोठं हाय, तर पावती एवढी लांब कशापायी? गुरुजी, वाचा." गृहस्थांनी पावती माझ्यापुढे धरली.

शेवटची ओळ होती, 'नोकरीवर हक्क सांगणार नाही.' सही केली की नोकरी गेली, हे मी समजावले.

"मग चेक न्या माघारी," ते म्हणाले. "पर च्या घिऊन जावा."

त्यांच्या घरची निकड मला ठाऊक होती. मी अस्वस्थ झालो. कारकुनाने चहा संपवला आणि पिशवीतून दुसरी, छापून तयार असलेली पावती काढली. तिच्यात ती ओळ नव्हती.

गृहस्थांनी ती माझ्या हाती दिली. "आता ही दोनदा वाचा."